मालिका थांबेल, भाकरी करपणार नाही

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून सांगितलेलं हे बोलणं, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी.)



गेल्या वेळी आपण गॅसची नळी आणि रेग्युलेटर कधी बदलायचा ते बोललो होतो. आज स्वयंपाकघरातून जरा बाहेरच्या खोलीत जाऊ, टीव्हीपाशी. केबलवाले आता रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट टॉप बॉक्स देतात. पुष्कळ जणींच्या घरी तो आलाही आहे. पण केबलवाला भाऊ येतो, दहा मिनिटांत तारा जोडतो, घरातल्या पुरुषमाणसाला नाहीतर मुलाला काहीतरी दाखवतो आणि जातो. आपण तेव्हा चहा ठेवायला आत गेलेल्या असतो. मग त्या रिमोटवरची दोनच बटणं आपल्या ओळखीची राहतात, आवाजाचं आणि चॅनेलचं.

खरं तर हा बॉक्स घरात सगळ्यात जास्त कुणाच्या कामाचा असेल, तर आपल्या. संध्याकाळची सात ते दहा ही वेळ आठवून बघा. सगळ्या मोठ्या मालिका याच वेळात. पीठ मळणं, भाजी फोडणीला टाकणं, मुलांचा अभ्यास, रानातून किंवा कामावरून आलेल्या माणसांची जेवणं, हेही याच वेळात. म्हणजे आपण मालिका बघत नाही, ऐकतो. हात तव्यावर आणि कान बाहेरच्या खोलीत. काही महत्त्वाचं घडतंय असं वाटलं की लाटणं हातात घेऊनच दारात यायचं, तेवढ्यात जाहिरात लागलेली असते. इकडे भाकरी करपते.

वयानं मोठ्या मैत्रिणींना १९८७ साल आठवत असेल. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. बायका पहाटे उठून पाणी, केर, स्वयंपाक उरकायच्या, कारण मालिका कुणासाठी थांबायची नाही. चुकलं ते चुकलं. पुढे काही घरांत व्हीसीआर आला. त्याच्या एका कॅसेटवर साधारण तीन तासांचं चित्रीकरण मावायचं, पण ते यंत्र महाग, आणि वेळ लावून ठेवायला घरात एखादा जाणकारच लागायचा.

मग केबलचं रूपच बदललं. २०११ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्यानं देशभर केबल डिजिटल झाली. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेरची मुदत होती, पुणे-नागपूरसारख्या शहरांत मार्च २०१३ ची, आणि शेवटच्या टप्प्यातल्या गावांना मार्च २०१७ ची. तेव्हापासून घरोघरी बॉक्स आले. डिजिटल म्हणजे काय, तर चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात येतात. बॉक्स त्या आकड्यांचं पुन्हा चित्र करून टीव्हीला देतो. हेच आकडे कुठेतरी साठवून ठेवले की झालं रेकॉर्डिंग. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. जिथे मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथेही केबल येत असेल तर रेकॉर्डिंग होतं.

बॉक्स बसवताना समोर उभ्या राहा

पहिली गोष्ट ही. चहा पाच मिनिटं उशिरा होऊ द्या. बॉक्स बसवायला आलेल्या भावाला चार प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न, रेकॉर्डिंग कशावर होणार? काही बॉक्सच्या पोटातच हार्ड डिस्क असते. पण पुष्कळ बॉक्सना नुसती यूएसबीची खाच असते, म्हणजे आपण मोबाइलच्या चार्जरला वायर लावतो तसली चपटी खाच. तिथे आपल्या पैशानं पेनड्राईव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क आणून लावावी लागते. काही ठिकाणी रेकॉर्डिंगची सोय केबलच्या ऑफिसमधून वेगळी चालू करून घ्यावी लागते, त्याचे पैसेही वेगळे असू शकतात. ते आधीच विचारा.

दुसरा प्रश्न, एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं बघता येतं का? याला फार महत्त्व आहे. बॉक्समध्ये चॅनेल पकडणारा एक भाग असतो, त्याला ट्यूनर म्हणतात. ट्यूनर एकच असेल तर तो एका वेळी बहुधा एकच काम करतो. तुमची मालिका रेकॉर्ड होत असताना घरच्यांनी क्रिकेट लावायला घेतलं, तर बॉक्स विचारतो, रेकॉर्डिंग बंद करू का? आणि रिमोट हातात असलेला माणूस न वाचताच ‘हो’ म्हणतो. दोन ट्यूनर असले तर एकावर मालिका साठते, दुसऱ्यावर सामना चालतो. नुसतं तोंडी उत्तर घेऊ नका. ‘करून दाखवा’ म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरा प्रश्न, बॉक्स विकत की भाड्यानं? विकत असेल तर पावती आणि वॉरंटी, भाड्यानं असेल तर अनामत किती आणि परत कधी मिळणार. ग्राहक म्हणून जो अर्ज भरून घेतात त्याची प्रत मागून घ्या. त्यावर आपला ग्राहक क्रमांक असतो. तक्रार करायची वेळ आली की पहिल्यांदा तोच विचारतात.

चौथा प्रश्न, आपण घेतलेल्या चॅनेलची यादी कुठे आहे? २०१९ पासून आपल्याला हवे ते चॅनेल निवडून घेता येतात, आणि पैसे पडणाऱ्या प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर करावी लागते. पॅक घ्यायलाच हवा अशी सक्ती नाही. ज्या चॅनेलचे पैसे भरलेत तेच रेकॉर्ड होणार, म्हणून ही यादी माहीत हवी.

तारा ओळखून ठेवा

मागच्या बाजूला तारांचं जाळं दिसलं की आपण हात लावत नाही. पण तारा मोजून तीनच. एक गोल, काळी किंवा पांढरी, पिळून बसवायची. ती केबलची, बाहेरून येणारी. दुसरी विजेची, अडॅप्टरची. तिसरी बॉक्समधून टीव्हीला जाणारी. ही तिसरी जुन्या टीव्हीला पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांची असते, नव्या टीव्हीला एकच चपटी एचडीएमआय. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही एचडी असतील तर चपटीच लावून घ्या, चित्र बरंच स्वच्छ येतं. सगळं जोडून झालं की मोबाइलवर मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा. दिवाळीत साफसफाईला टीव्ही हलवला की हाच फोटो कामाला येतो.

बॉक्सवर कापड, शोभेचा रुमाल किंवा फुलदाणी ठेवू नका. त्याच्या अंगावरच्या फटी हवा जाण्यासाठी असतात. रेकॉर्डिंगचा बॉक्स दिवसरात्र चालू असतो, तो तापतो.

पेनड्राईव्ह लावण्याआधी थांबा

यूएसबीची खाच असलेला बॉक्स असेल तर इथे एक मोठी चूक होते. घरात पडलेला जुना पेनड्राईव्ह आपण उचलून लावतो. बॉक्स पडद्यावर विचारतो, फॉरमॅट करू का? आपण ओके दाबतो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. त्यावर लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो असतील तर ते सगळे गेले. म्हणून बॉक्ससाठी पेनड्राईव्ह वेगळा घ्या आणि त्यावर रंगीत दोरा बांधून ठेवा. तो पुन्हा कॉम्प्युटरला लावायचा नाही, झेरॉक्सच्या दुकानात द्यायचा नाही.

किती मोठा घ्यायचा? हिशेब सोपा आहे. साध्या चॅनेलचा एक तास साधारण एक जीबी जागा खातो. एचडी चॅनेलचा एक तास तीन ते चार जीबी. चॅनेलप्रमाणे थोडं कमीजास्त होतं, पण अंदाजाला हे पुरे. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राईव्हवर साध्या चॅनेलचे पंचवीस-तीस तास मावतील, एचडीचे आठ-नऊ. अर्ध्या तासाची एक मालिका आठवड्यात सहा दिवस धरली तर तीन तास. एचडीवर एकच मालिका साठवत गेलात आणि काहीच पुसलं नाही, तर तीन आठवड्यांत पेनड्राईव्ह भरला. साध्या चॅनेलवर तोच दोन-अडीच महिने पुरतो. ५०० जीबीची हार्ड डिस्क असेल तर एचडीचे सव्वाशे तास तरी बसतात. किती मोठी डिस्क आपला बॉक्स घेतो, ते मात्र आधी विचारून मगच दुकानात जा. बाहेरची हार्ड डिस्क लावल्यावर नुसती टकटक करत राहिली आणि चालू झाली नाही, तर बॉक्समधून तिला पुरेशी वीज मिळत नाही असं समजा. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क लागते.

डिस्कचा दिवा लुकलुकत असताना ती उपसून काढू नका. आधी बॉक्स बंद करा, मग काढा.

पहिलं रेकॉर्डिंग, आज रात्रीच

रिमोटवरची इंग्रजी अक्षरं वाचता आली नाहीत तरी काही बिघडत नाही. खुणा ओळखा. जुन्या टेपरेकॉर्डरवर होत्या त्याच आहेत. लाल गोल ठिपका म्हणजे रेकॉर्ड. चौकोन म्हणजे बंद. दोन उभ्या रेघा म्हणजे थांब. उजवीकडे टोक असलेला त्रिकोण म्हणजे चालू. दोन त्रिकोण उजवीकडे म्हणजे पळवणं, डावीकडे म्हणजे मागे नेणं. एवढं मात्र ध्यानात घ्या, की रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार रंगीत बटणं ओळीनं असतात. त्यातलं लाल बटण म्हणजे रेकॉर्ड नव्हे. रेकॉर्डच्या बटणावर गोल ठिपका असतो.

आता करून बघू. कुठलंही चॅनेल लावा. ठिपका दाबा. पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण येईल किंवा बॉक्सवर दिवा लागेल. पाच मिनिटांनी चौकोन दाबा. ‘बंद करू का’ असं विचारलं तर ओके. मग साठवलेल्या कार्यक्रमांची यादी उघडा. त्या बटणाला कुठे ‘लायब्ररी’, कुठे ‘रेकॉर्डिंग्ज’, कुठे ‘पीव्हीआर’ असं नाव असतं. यादीत चॅनेलचं नाव आणि तारीख दिसेल. ओके दाबलं की तीच पाच मिनिटं पुन्हा लागतील. एकदा हे जमलं की निम्मी भीती गेली.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. समोर मालिका चालू आहे आणि कुकरची तिसरी शिटी झाली. दोन उभ्या रेघांचं बटण दाबा. चित्र जागच्या जागी थिजेल. गॅस बंद करून या, पोळ्या झाकून या, दारात आलेल्या काकूंना वाटीभर साखर देऊन या. मग त्रिकोण दाबा. जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू. तुम्ही आत असताना बॉक्स पुढचा भाग साठवत होता. डिस्क लावलेली नसेल तर हे होत नाही, आणि किती वेळ थांबवून ठेवता येतं याला बॉक्सप्रमाणे मर्यादा असते. रोजच्या कामापुरतं ते भरपूर असतं. आता तुम्ही मागे आणि मालिका पुढे अशी स्थिती आहे, म्हणून जाहिरात लागली की पळवताही येते.

रोजची मालिका आपोआप

रोज आठवणीनं ठिपका दाबायचा तर मग काय उपयोग? त्यासाठी ‘गाईड’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की रेल्वेच्या वेळापत्रकासारखा तक्ता येतो. डावीकडे चॅनेल, वरती वेळ, मधल्या चौकटींत कार्यक्रम. बाणांनी आपल्या मालिकेच्या चौकटीवर जा आणि ठिपका दाबा. पुष्कळ बॉक्स पुढे विचारतात, हा एकच भाग, रोज, आठवड्यातून एकदा, की सगळी मालिका? आपल्याला हवं ते निवडायचं. त्या चौकटीवर खूण आली म्हणजे लागलं.

इथे तीन खाचखळगे आहेत.

पहिला, मालिका घड्याळाप्रमाणे चालत नाहीत. आठची मालिका आठ वाजून दोन मिनिटांनी सुरू होते आणि शेवटचा धक्कादायक प्रसंग नेमका साडेआठनंतर येतो. रेकॉर्डिंग तिथेच तुटतं. म्हणून सेटिंगमध्ये आधी दोन मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची लावता येतात का, ते बघा. पण एका पाठोपाठ दोन चॅनेलवरच्या मालिका लावल्या असतील आणि ट्यूनर एकच असेल, तर ही जास्तीची मिनिटं दुसरीच्या आड येतात. मग त्यातली कुठली महत्त्वाची, ते आपण ठरवायचं.

दुसरा, रविवारचा महाएपिसोड, दोन मालिकांचा एकत्र भाग, गणपतीतले खास भाग. यांची वेळ आणि कधी कधी नावही बदलतं, त्यामुळे रोजचं लावलेलं रेकॉर्डिंग त्यांना ओळखत नाही. ते तक्त्यात बघून वेगळे लावा.

तिसरा, केबलचे पैसे. रिचार्ज ज्या दिवशी संपतो त्या दिवसापासून चॅनेल बंद. बॉक्स वेळेवर जागा होईल, पण साठवायला काही येणारच नाही. बहुतेक बॉक्समध्ये आधी साठवलेले भागही पैसे भरेपर्यंत उघडत नाहीत. म्हणून रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

बोर्डावरचं बटण

नव्या बॉक्सची सगळ्यात जास्त तक्रार कुठली ऐकू येते सांगू? ‘मी लावलं होतं, पण झालंच नाही.’ यातल्या बहुतेक वेळा बॉक्सचा दोष नसतो. वापर झाला की बोर्डावरचं बटण बंद करायची चांगली सवय आपल्याला लागलेली असते. पण वीजच नसेल तर बॉक्स रेकॉर्ड कसं करणार? टीव्ही बंद असला तरी चालतो, बॉक्सला मात्र वीज हवी. टीव्हीचं बटण बंद करा, आणि बॉक्स रिमोटनं झोपवा. झोपलेला बॉक्स ठरल्या वेळी आपला आपण उठतो. टीव्ही आणि बॉक्स एकाच बटणावर असतील तर वायरमनकडून दोन वेगळी बटणं करून घ्या.

वीजबिलाची काळजी वाटते ना? हिशेब करू. बॉक्स दहा वॅट वीज घेतो असं धरलं, तर चोवीस तासांचे २४० वॅट-तास, म्हणजे पाव युनिटहून किंचित कमी. महिन्याला साधारण सात युनिट. हा खर्च खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आठवडाभर गावाला जाणार असाल आणि काही रेकॉर्ड करायचं नसेल तर सरळ बंद करून जा.

लाईट गेली तर? रेकॉर्डिंग तुटतं. तोवरचा भाग बहुधा साठलेला असतो, पुढचा राहतो. लाईट आल्यावर बॉक्स पुन्हा चालू झाला ना, एवढं बघा. इन्व्हर्टर असेल तर बॉक्सचा प्लग त्यावर घेता येतो, पण केबलवाल्याकडचीही वीज गेली असेल तर चॅनेल येणार नाही.

आणि एक गोष्ट अगदी बजावून सांगते. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की मालिकेचा मोह सोडायचा. कडकडाट जवळ येण्याआधीच प्लग काढायचा आणि केबलची गोल पिनही सोडवून ठेवायची, कारण वीज बाहेरच्या केबलमधूनही घरात येते. वीज डोक्यावर कडाडत असताना मात्र कशालाच हात लावू नका. एक भाग चुकला तर पुन्हा दाखवतात. बॉक्स आणि टीव्ही जळले तर नवे घ्यावे लागतात, आणि माणसाचं तर काय सांगावं.

साठवलेलं आपलं किती?

आमच्या बचत गटात एक ताई आहेत. त्यांच्या गावठी बियाण्यांच्या कामावर एका वाहिनीनं कार्यक्रम केला होता. ताईंच्या मुलानं तो बॉक्सवर रेकॉर्ड करून ठेवला. ताई कौतुकानं कुणी पाहुणे आले की दाखवायच्या. माहेरची माणसं आली, दाखवला. सुनेकडचे आले, दाखवला. वर्षभरानं बॉक्स बिघडला. केबलवाल्यानं दुसरा दिला. हार्ड डिस्क ताईंचीच होती, तीच नव्या बॉक्सला लावली. बॉक्स म्हणाला, फॉरमॅट करा. कॉम्प्युटरला लावून पाहिली, तिथे काहीच उघडेना. डिस्क हातात होती, कार्यक्रम तिच्यात होता, आणि बघता मात्र येत नव्हता. ताई मला म्हणाल्या, ‘बियाणं गाडग्यात आहे, पण तोंड लिंपून टाकलंय बघ.’

असं का होतं? वाहिन्यांच्या कार्यक्रमांवर त्यांचा हक्क असतो. कुणी ते साठवून विकू नयेत, वाटू नयेत म्हणून बॉक्स रेकॉर्डिंगला कुलूप लावून ठेवतो, आणि त्याची किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. बॉक्स बदलला की किल्ली गेली. म्हणून हे पक्कं समजून घ्या, की बॉक्सवरचं रेकॉर्डिंग म्हणजे फडताळातला डबा आहे, तिजोरी नव्हे. आज ठेवायचं, चार दिवसांत खायचं.

जन्मभर जपायचं असेल त्याची सोय वेगळी करायची. आपल्या गटाचा, गावाचा, मुलीच्या खेळाचा कार्यक्रम होणार असेल तर चित्रीकरण करणाऱ्यांकडे तेव्हाच प्रत मागा. नंतर मागायला गेलं की माणसं बदललेली असतात. कार्यक्रमाचं नाव, वाहिनी, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा. दूरदर्शनसह पुष्कळ वाहिन्या आपले कार्यक्रम यूट्यूबवर ठेवतात, तिथे शोधायला हीच माहिती लागते. आमच्या ताईंना वाहिनीचं नाव आठवत होतं, तारीख नाही. दिवाळीच्या आधी होता एवढंच. त्यांचा कार्यक्रम अजून सापडलेला नाही. म्हणून वही ठेवा म्हणते.

आणि शेवटी, रिमोट

बटणं झाली, तारा झाल्या. आता मनातलं बोलते. रेकॉर्डिंगचा बॉक्स आमच्याकडे आला तेव्हा मला वाटलं, आता आपली सुटका झाली. महिनाभरानं लक्षात आलं की घरात एक नवीनच वाक्य रुजलंय. ‘तुझं काय, रेकॉर्ड होतंय ना, नंतर बघ.’ सामना आता बघायचा, बातम्या आता, मुलांचं कार्टून आता, आणि माझी मालिका नंतर. हे ‘नंतर’ म्हणजे रात्री अकरा. सगळे झोपल्यावर, आवाज बारीक करून, डोळे मिटत असताना. एके दिवशी यादी उघडली तर बावीस भाग साठलेले, एकही बघितलेला नाही. डिस्क भरली तेव्हा बॉक्सनं जुने भाग आपोआप पुसायला घेतले आणि मी ते बघितलेही नव्हते.

साठवणं म्हणजे बघणं नव्हे. पापड करून डब्यात ठेवले आणि कुणी तळलेच नाहीत, तशी गत. म्हणून मग मी घरात सांगितलं, दुपारी तीन ते चार टीव्ही माझा. भांडी झालेली असतात, जनावरांच्या पाण्याला वेळ असतो, मुलं शाळेत. त्या तासात आदल्या दिवशीचे दोन भाग होतात, जाहिराती पळवल्या तर उरलेल्या वेळात पाठ टेकता येते. सासूबाईही येऊन बसतात. त्यांना मी सकाळचं कीर्तन लावून ठेवायला शिकवलं. आता ठिपका त्याच दाबतात, आणि मी विसरले तर मला आठवण करतात.

तुमची वेळ वेगळी असेल. कामावर जाणाऱ्या मैत्रिणीची रविवारची सकाळ असेल, अंगणवाडीतल्या ताईंची दुपार असेल. पण वेळ ठरवा आणि घरात सांगा. आणि रेकॉर्डिंग लावायचं काम मुलावर सोपवू नका. तो परीक्षेला गेला, होस्टेलला गेला की तुमचा बॉक्स मुका झाला. आपल्या हातानं लावता आलं पाहिजे, आपल्या हातानं पुसता आलं पाहिजे.

मुलांच्या घरात एक खबरदारी. काही बॉक्सवर एका बटणावर सिनेमा विकत घेता येतो किंवा नवा चॅनेल जोडता येतो, आणि पैसे नंतर आपल्या खात्यातून जातात. सेटिंगमध्ये चार आकड्यांचं कुलूप असतं. नव्या बॉक्सला ते बहुधा चार शून्यं किंवा एक-दोन-तीन-चार असं सोपं असतं, आणि मुलांना ते कधीच कळलेलं असतं. पहिल्याच दिवशी बदलून टाका.

तर मैत्रिणींनो, आज रात्री एवढंच करा. जेवणं झाली की रिमोट हातात घ्या, कुठलंही चॅनेल लावा, ठिपका दाबा, पाच मिनिटं साठवा, बघा आणि पुसा. नाही जमलं तर उद्या शेजारणीला बोलवा, दोघी मिळून करा. आणि जमलं तर तिसरीला शिकवा.

पुढच्या वेळी उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरची साफसफाई आणि त्याच्या वायरिंगबद्दल बोलू. तोवर नमस्कार.